पडद्यावर एकच ओळ

"त्या ओळीच्या खाली आणखी नावं दिसतायत का?" किरणने फोनवर विचारलं.

"नाही साहेब," पलीकडून धुळ्याचा दीपक म्हणाला. "पडद्यावर एकच ओळ आहे. ती निवडली की इंग्रजी अक्षरं भराभर वर सरकतात आणि मग सगळं थिजतं. पहाटे लाईट गेली होती, बॅटऱ्यांनीपण दम तोडला. तेव्हापासून हे असं चाललंय."

किरण मेहरूण तलावाच्या काठावर उभा होता. सकाळच्या फेऱ्या मारणारी माणसं त्याला वळसा घालून पुढे जात होती. "एकच ओळ? नीट बघा," तो परत म्हणाला, जणू दुसऱ्यांदा विचारल्याने दुसरी ओळ उगवणार होती. खरं म्हणजे ती का नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. खानदेशातल्या काही दवाखान्यांचे सर्व्हर तो जळगावात बसून सांभाळत असे. असं यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी जागा होतो तो त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल. डिस्क कुठे आहे, पडदा कुठे आहे, कोणाशी कसं बोलायचं हे सगळं त्यालाच माहीत. अधूनमधून नवा कर्नेल येतो. शहाणी माणसं मागचा एखादा तसाच राहू देतात, कारण नवा कधी कधी जुन्या यंत्रातला एखादा भाग ओळखतच नाही. मग सुरू करताना मागची ओळ निवडायची, की गाडी रुळावर येते. किरणने मागची ओळ ठेवलीच नव्हती. एकदा जागा भरून एक सर्व्हर अडकला होता आणि चारचौघांत त्याला बोलणी बसली होती. दुधाने तोंड पोळलं म्हणून तो ताकही फुंकून प्यायला लागला. नवा कर्नेल आला की मागचे सगळे आपोआप पुसले जावेत असा नियमच त्याने सगळ्या यंत्रांवर लिहून टाकला आणि मग तो विसरूनही गेला. धुळ्याचं यंत्र मधल्या काळात कधी बंदच पडलं नाही. डिस्कवरून पुसला गेलेला जुना कर्नेल तेवढा त्याच्या चालू स्मरणात राहून गुपचूप काम करत होता. ज्याच्या जिवावर आपण चालतोय तो मागे उरलेलाच नाही, हे लाईट जाईपर्यंत कळायचं काही कारण नव्हतं.

"कोणी काढून टाकलं का साहेब बाकीचं?" दीपकने भीत भीत विचारलं. आपल्यावर येतंय की काय, असं त्याला वाटलं असावं.

"कोणी नाही काढलं. आपोआप गेलं," किरण म्हणाला. हेच वाक्य त्याने मागच्या आठवड्यात फोनवर आईच्या तोंडून ऐकलं होतं. तो चिडून म्हणाला होता, "तुम्ही दोघं अहिराणीतच वाढलात, मग मला ती बोलता कशी येत नाही?" त्यावर आई, भिकुबाई, म्हणाली होती, "कोणी काढली नाही रे बाबा. आपोआप गेली."

फोनवरून सांगून हे काम होणारं नव्हतं. पेनड्राइव्ह घेऊन धुळ्याला जायलाच हवं होतं. त्याने बायकोला सांगितलं, घाईघाईत पोहे खाल्ले आणि धुळ्याची एसटी पकडली. बस शहराबाहेर पडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की धुळ्यापर्यंत गेलं की नरडाणा पुढे तासाभराच्या अंतरावर राहतं, आणि नरडाण्याजवळच्या त्या गावात झुलालकाकाच्या घरी नाना, त्याचे वडील, आहेत. हे त्याला पोहे खातानाही ठाऊक होतं, फक्त त्याने ते मनात वर येऊ दिलं नव्हतं. नाना गावी गेल्यापासून तो एकदाही तिकडे फिरकला नव्हता. दिवाळीला जायचं ठरलं होतं, तेही त्याने कामाचं निमित्त पुढे करून टाळलं. कामं होतीच, नव्हती असं नाही. पण आत एक भीती होती, आणि ती एवढीच होती, की नाना आपल्याशी पुन्हा बोलतील की नाही.

नाना, म्हणजे भाईदास मास्तर, जळगावच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या मराठीला कुठे डाग म्हणून नव्हता. बोलायला लागले की नुकत्याच धुतलेल्या सदऱ्यासारखं वाटायचं. पण ही मराठी त्यांना जन्माने मिळालेली नव्हती. पहिल्या नोकरीत, पहिल्याच महिन्यात, ते वर्गात काहीतरी गावच्या बोलीत बोलून गेले, पोरं हसली, पोरांचं ठीक, पण दारातून जाणारे मुख्याध्यापकही हसले. ही गोष्ट नानांनी कधी सांगितली नाही, झुलालकाकाने सांगितली. त्या दिवसापासून घरात अहिराणी बंद झाली. हुकूम असा काही निघाला नाही. कोणी गावच्या बोलीत काही विचारलं की नानांना ते ऐकू येत नसे, एवढंच. किरण उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी राहून यायचा तेव्हा त्याच्या जिभेवर सगळं गाव बसलेलं असायचं. वावर, मुलाला आंडोर, कुठे-तिकडेला कथा, तथा. आल्या आल्या तो नानांना विहिरीत पोहल्याची गोष्ट सांगायला जायचा आणि नाना वर्तमानपत्रातून मान वर काढायचे नाहीत. पोरगं दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा आपलं आपण सुधारून शाळेच्या भाषेत सांगायचं. तेव्हा नाना चष्मा काढून म्हणायचे, "अरे वा, बुडी मारलीस?" आणि कौतुकाने सगळं ऐकून घ्यायचे. शाळा सुरू होईपर्यंत जीभ लख्ख झालेली असायची. पुढे सुट्टीत क्लास लागले, गावी जाणं कमी झालं. आईची अहिराणी तेवढी उरली, तीही मावशीच्या फोनपुरती. स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन ती बोलायची आणि आतून तिचं हसणं ऐकू यायचं. एरवी ती इतकं कमी बोलायची, की कॉलनीतल्या बायकांना ती शिष्ट वाटायची. किरणलाही लहानपणी वाटायचं, की आईला बोलायला फारसं आवडत नाही.

एरंडोल मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि बायका ओटीत वेचत होत्या. शेजारच्या बाकावरची बाई फोनवर लेकीला सांगत होती, की जावई आले तर त्यांना बसवून ठेव, मी येतेच. सगळी अहिराणी. किरणला शब्द न् शब्द कळत होता. त्याने मनातल्या मनात तेच वाक्य म्हणून पाहिलं. मधले दोन शब्द आले, पुढचा पुस्तकी आला, आणि वाक्य एक पाय मोडलेल्या खाटेसारखं कलंडलं. त्याने दुसरं म्हणून पाहिलं. नाना, कसे आहात? साधं एवढंच, अहिराणीत. हे म्हणायला काय लागतं, असं वाटावं; पण 'कसे'च्या पुढे त्याची जीभ थांबून राहिली. पारोळ्याला बस थांबली. किल्ल्याच्या बाजूने ऊन चढलं होतं. कंडक्टर खाली उतरून कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता, दोघं हसत होते, आणि किरणला त्या दोघांचा उगाचच राग आला.

श्रावणात नानांना झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू उतरली, आणि त्यांची ती घासूनपुसून ठेवलेली मराठी गेली. मागे उरलं ते पार तळाचं, लहानपणचं. पण घरात कोणी ते तसं ओळखलं नाही. सगळ्यांना वाटलं, वाचा बिघडली आहे, शब्द वेडेवाकडे येतायत. डॉक्टर पुण्याकडचे होते. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईही बाहेरच्या होत्या. त्या चित्रं दाखवून विचारायच्या, आणि नाना जे बोलायचे ते त्यांच्या उत्तरात बसायचं नाही. त्या बाईंनी सांगितलं होतं, मागितल्याबरोबर वस्तू हातात देऊ नका, पूर्ण वाक्य येऊ द्या, त्यानेच मेंदूला वळण लागेल. आईला सगळं कळत होतं, पण डॉक्टर, बाई, शिकलेला मुलगा, एवढ्यांपुढे बोलायची तिची सवय कधीच मोडली होती. किरणने मात्र सेवेत काही कसर ठेवली नाही. कामावरून आला की तो नानांच्या उशाशी बसायचा.

"माले पानी दे," नाना म्हणाले होते.

"मला पाणी हवं आहे. असं म्हणा, नाना."

"माले पानी दे."

"मला. पाणी. हवं आहे."

पेला किरणच्या हातात होता. भरलेला, नानांच्या डाव्या हाताला पोचणार नाही इतकाच दूर धरलेला. नानांना काय हवं आहे ते त्याला कळलं नव्हतं असं मुळीच नाही; चांगलं कळलं होतं. तरी त्याने पेला दिला नाही, कारण त्यांचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. हे आठवलं की त्याला खिडकीच्या गजावर डोकं आपटावंसं वाटे. नानांनी पाण्याकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या चांगल्या डोळ्यात काहीतरी ओळखीचं आलं आणि गेलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर त्यांनी किरणकडे काही मागितलंच नाही. तो खोलीत आला की ओठ मिटायचे. किरणला वाटलं, ते थकले आहेत, आणि त्याने सराव वाढवला. दसऱ्याच्या आसपास एका दुपारी आईने दारातून हे पाहिलं. ती आत आली, त्याच्या हातातला पेला काढून घेतला, नानांच्या मानेखाली हात घालून त्यांना पाणी पाजलं, आणि पदराने त्यांची हनुवटी पुसत म्हणाली, "उद्या मी यांना गावी घेऊन जाते. तिथे कोणी परीक्षा घेणार नाही." तिचा असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

धुळ्याच्या दवाखान्यात खिडकीपुढे ही गर्दी झाली होती. केसपेपर हाताने लिहिणं चाललं होतं आणि दीपक, चाळिशीचा, घामाघूम, एका म्हातारीला समजावत होता, "आठे बठ माय, कागद मा लिखी देस." किरणला बघताच त्याने आवाज बदलला, "या साहेब, या, वाटच बघत होतो." एका श्वासात इकडून तिकडे. किरण त्याच्याकडे बघतच राहिला. मग आतल्या गार खोलीत जाऊन बसला. पेनड्राइव्हवरून यंत्र उठवलं, आत शिरला. त्याचा नियम तिथे ठेवल्या जागी होता, नीटनेटका, एकही चूक नसलेला. नव्या कर्नेलला दवाखान्याच्या जुन्या डिस्कचं कार्ड ओळखता येत नव्हतं, बाकी काही झालं नव्हतं. माहिती जिथल्या तिथे होती; तिच्यापर्यंत पोचायची वाट तेवढी गेली होती. कर्नेलचं एक बरं असतं, जुना कुठल्या तरी साठ्यात शोधला की सापडतो. तो उतरायला वेळ लागत होता तेव्हा दीपकने चहा आणला आणि विचारलं, "साहेब मूळचे कुठले?"

"जळगाव."

"ते झालं. पण गाव?"

"नरडाण्याजवळ."

"मंग आपलाच शेतस की तुम्ही!" दीपक एकदम फुलून आला. "तुमनं गाव कोनतं शे?"

किरणने गावाचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाला, "पण माझं तिकडे फारसं जाणं होत नाही." वाक्य तोंडातून निघालं ते असं इस्त्री केलेलं. दीपकने क्षणभर वाट पाहिली, मग सभ्यपणे म्हणाला, "बरोबर आहे साहेब. आजकाल कोणाला वेळ असतो." त्याच्या मनात काही नव्हतं, पण किरणला वाटलं, आपल्या तोंडावर कोणीतरी हळूच दार लावून घेतलं. जुना कर्नेल बसला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पडद्यावर दोन ओळी आल्या, त्याने खालची निवडली, आणि बाहेरच्या खिडकीवर पडदा परत आलेला पाहून कोणीतरी "उनं रे उनं!" असं ओरडलं. किरणने आपला नियम पुसून टाकला. मागचे दोन कर्नेल कायम राहतील असं लिहिलं, आणि बाकीच्या दवाखान्यांच्या यंत्रांवरही इथूनच तसं करून घेतलं.

"जुनं आता कशाला ठेवायचं साहेब? चालू तर झालं," दीपक म्हणाला.

"राहू द्या," किरण म्हणाला.

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी फलाटाला लागलेली होती, अर्धी रिकामी. तिच्यात चढून बसावं, संध्याकाळपर्यंत घरी जाता येईल, असं त्याला फार वाटलं. गावी जाऊन काय करणार? नाना तोंड फिरवतील, आई तो तोंड फिरवणं पाहील, झुलालकाका काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. आणि ते एकदा झालं, की मग 'कदाचित बोलतील' एवढंसुद्धा हाताशी उरणार नाही. तो कठड्याला टेकून उभा राहिला. जळगावची गाडी निघून गेली. मग शिरपूरची आली आणि तो तिच्यात चढला, का ते त्याला नीट सांगता आलं नसतं. नरडाण्याला उतरला, गावाकडे जाणाऱ्या रिक्षात अंग चोरून बसला. घशाला कोरड पडली होती. फाट्यावर पाणी घ्यायचं राहून गेलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरला आणि त्याला नानांचा आवाज ऐकू आला. पहिल्यांदा खरं वाटेना. आवाज जड होता, शब्दांच्या कडा घासलेल्या होत्या, पण तो अडखळत नव्हता. "कापूस कितला निंघना रे यंदा?" नाना विचारत होते. झुलालकाकाने काहीतरी सांगितलं, त्यावर नाना म्हणाले, "खोटं बोलस तू!" आणि हसले. किरण भिंतीशी उभा राहिला. नाना बरे होते. जळगावला त्यांची वाचा गेली म्हणून सगळे हळहळत होते तेव्हाही ते बरेच होते. आपण सगळे तिकडून हाका मारत होतो आणि ते इकडे उभे होते. त्याचे डोळे भरून आले. असं गल्लीत उभं राहून रडणं बरं दिसत नाही म्हणून तो पुढे झाला.

"उना का रे?" आई चुलीपुढून उठली, आणि लगेच सावरून म्हणाली, "आलास का? जेवायचा आहेस ना?" त्याच्यासाठी तिने भाषा बदलली, पाहुण्याला वेगळं ताट काढावं तशी. नाना अंगणात खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दाढी केलेली, अंगावर झुलालकाकाचा सैल सदरा. त्यांनी मुलाला पाहिलं. त्यांचं हसणं अर्ध्यावर थांबलं, आणि किरणच्या डोळ्यांदेखत त्यांचे ओठ मिटले, ओळखीचे, घट्ट. वर्गात तपासणीला साहेब आल्यावर मास्तर उभे राहतात तसे ते जरा सरळ होऊन बसले. झुलालकाका म्हणाला, "बस ना भाऊ," आणि बैलाला पेंड टाकायचं निमित्त करून गोठ्याकडे गेला. किरण खाटेजवळच्या बाजेवर बसला. विचारायचं होतं ते सगळं बसमध्ये म्हणून पाहिलं होतं. त्यातलं काहीच तोंडाशी येईना. नाना समोर बघत होते. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. आई परत चुलीशी बसली, पण तिच्या भाकरी थापण्याचा आवाज येत नव्हता.

खाटेच्या पायाशी तांब्या होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. किरणने तिकडे पाहिलं. घसा इतका सुकला होता, की गिळताना दुखत होतं. उठून स्वतः घेता आलं असतं. आईला सांगितलं असतं तर तिने लगेच दिलं असतं. तो नानांकडे वळला. कान तापल्यासारखे झाले होते, लहानपणी फळ्यापुढे उभं केल्यावर व्हायचे तसे.

"नाना," तो म्हणाला, "माले... माले पाणी हवं आहे."

अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. त्याच्या त्यालाच ते इतकं वाईट ऐकू आलं, की त्याने मान खाली घातली. मग खाट करकरली. नाना डावीकडे कलले, डाव्या हाताने फुलपात्र उचलून मांडीवर उजव्या हाताच्या वाकलेल्या बोटांत अडकवून ठेवलं, आणि तांब्या उचलला. पाणी अर्धं फुलपात्रात गेलं, अर्धं धोतरावर. आई उठायला लागली. किरणने हाताने तिला थांबवलं. नानांनी तांब्या खाली ठेवला, फुलपात्र डाव्या हातात घेतलं आणि हात लांब केला, पार किरणच्या छातीपर्यंत. "पे," ते म्हणाले.

किरण पाणी एका दमात प्यायला. नाना तोंडाकडे बघत राहिले, शेवटचा घोट खाली उतरेपर्यंत. रिकामं फुलपात्र त्यांनी परत घेतलं. मग खाकरून घसा साफ केला, आणि शुद्धलेखन घालताना मास्तर सावकाश, शब्द सुटे करून सांगतात तसे म्हणाले, "माले. पानी. दे."

"माले पानी दे," किरण म्हणाला.

नानांनी मान हलवली, आणि तांब्या पुन्हा उचलला.